पाहुण्याची पावलं

घड्याळजीच्या पोटात दुखायला लागलं ते बायकोच्या हसण्यामुळे.

बायको जन्मापासून आंधळी. दिवसभर एका दवाखान्यात टेलिफोनवर बसायची आणि घरी आली की हेडफोन लावून 'भुयार' खेळायची. या खेळात पडद्यावर काळोखाशिवाय काही नसतं. पाणी ठिबकतं, वारा घोंघावतो, सोबत्यांची पावलं वाजतात. त्यावरून वाट काढायची. टोळी तिघांची. तिच्या टोळीत 'सुतार' नावाचा कुणी होता, आणि त्याच्या एकेका वाक्यावर ती खळखळून हसायची. अकरा वर्षांच्या संसारात आपण तिला असं किती वेळा हसवलं, हे घड्याळजीने आठवून पाहिलं आणि त्याचा नुसता जळफळाट झाला.

त्यात अंतिम फेरी आली. जे शेवटपर्यंत पोचतील त्यांचे आवाज खेळाच्या पुढच्या भागात वाटाड्यांचे म्हणून घालणार होते. बायको त्यासाठी तीन महिने झटत होती. आपल्या आवाजाच्या भरवशावर लोक चालतील, असं ती येता-जाता सांगायची. घड्याळजीला मात्र एवढंच ऐकू यायचं, की तिचा नि त्या सुताराचा आवाज आता कायमचे शेजारी नांदणार.

टोळीतला तिसरा आजारी पडला, तशी याने 'पाहुणा' या नावाने ती जागा पटकावली. दुकानाचं दार लोटून भरदुपारी सराव केला. माइक बिघडलाय, असं लिहून कळवलं. प्रत्येकाने आपल्या चालण्याचा आवाज रेकॉर्ड करून द्यावा, असा खेळाचा नियम होता. याने दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि तो देऊन टाकला. नाव लपवलं, आवाज लपवला. डोळस माणसाच्या मते लपवण्यासारखं आणखी काही उरलंच नव्हतं.

फेरीत पाहुणा पुढे, सुतार मधे, ती मागे. पुढच्याने फाट्यावर सुरक्षित बाजूला घंटा वाजवायची. तरी मागच्याने खडा टाकून खात्री करायची, ही जाणत्यांची रीत. शेवटच्या फाट्याला उजवीकडे वाट होती आणि डावीकडे दरी. पाहुण्याने डावीकडे घंटा वाजवली. जा बाबा, आता खाली बसून कर विनोद.

सुतार म्हणाला, खडा टाकून बघतो.

"राहू द्या," बायकोचा आवाज आला. "मी जाते पुढे."

घड्याळजी रिकाम्या दुकानात मोठ्याने "थांब" म्हणाला. माइक बंद होता. ती पडली. मग सुताराने खडा टाकला, उजवीकडे वळला आणि पाहुण्यापाठोपाठ पोचला.

रात्री घरी येऊन त्याने साळसूदपणे फेरीचं काय झालं ते विचारलं.

"पडले," ती हेडफोनची वायर गुंडाळत म्हणाली. "खडा टाकायला हवा होता. पण पुढे तुमची पावलं वाजत होती. डाव्या चपलेची कुरकुर मला कळणार नाही होय? पहिल्या दिवशीच ओळखलं. वाटलं, सोबतीला आलात."

तो तिच्याकडे जायला निघाला. चप्पल कुरकुरली, तशी तिने हात लांब केला आणि स्वतःच्याच घरात भिंत चाचपून पाहिली.