खट् न वाजणारा कॅमेरा

शेवटचा सूर थांबल्यावर जी शांतता पडते, तिच्या अगदी मधोमध तो आवाज होता. खट्.

एग्बर्टने गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा खट्. चर्चच्या मागच्या खोलीत गायनवृंदाच्या समितीचे सहा जण कॉफीचे कप धरून बसले होते आणि सहाच्या सहा जण डाउवेकडे न बघण्याची काळजी घेत होते. ती काळजी बघूनच डाउवेचे कान तापले.

"येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा जवळजवळ तीन तास आपण गातो," एग्बर्ट म्हणाला. तो गायनवृंदाचा संचालक. गावच्या शाळेत गणित शिकवायचा आणि बोलायचाही फळ्यावर पायऱ्या मांडल्यासारखं. "येशूला थडग्यात ठेवतो. मग मी हात वर धरून उभा राहतो. कुणी टाळी वाजवत नाही, कुणी खोकत नाही. वर्षातून एकदा मिळणारी शांतता. आणि त्यात कुणीतरी उंदराचा पिंजरा पाडतं."

"तो आरसा आहे," डाउवे पुटपुटला. "फोटो घेताना आतला आरसा वर उचलला जातो, त्याचा..."

"आरसा असो नाहीतर आणखी काही. यंदा आवाज न करणारा कॅमेरा आण. नाहीतर कॅमेरा घरी ठेव आणि नुसता तू ये. आम्हाला आनंदच आहे."

हे शेवटचं वाक्य एग्बर्ट चांगल्या मनाने बोलला होता, आणि डाउवेला तेच जास्त लागलं. नुसता तो येऊन करणार काय? त्याला गाता येत नव्हतं. चार माणसांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. बायको, रिन्स्के, सव्वीस वर्षं वृंदात होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिने पोस्टरसाठी एक फोटो काढायला त्याला बोलावलं, आणि तेव्हापासून डावीकडच्या खांबाजवळची जागा त्याची झाली होती. लोक "डाउवे आला" म्हणत आणि वाट करून देत. नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात झालेली, त्यामुळे एक डोळा मिटून जगाकडे बघायची सवय जुनीच. कॅमेरा काढून घेतला तर त्या चर्चमध्ये तो तिकीट काढून दहाव्या रांगेत बसलेला एक म्हातारा होता, बस.

म्हणून नव्या बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा, विषय निघाला आणि फेब्रुवारीभर घरात दुसरा विषय राहिला नाही.

जुनी बॉडी तेरा वर्षांची. कोपऱ्यातलं रबर सुटून आलेलं, ते त्याने दोनदा चिकटवलं होतं. बोटांना त्या कॅमेऱ्याची प्रत्येक कळ अंधारात सापडायची. डोळा लावला की काचेतून खरं माणूस दिसायचं. नव्यात आरसाच नसतो. डोळ्यासमोर दिसतो तो एक छोटा पडदा. ग्रोनिंगन शहरातल्या दुकानात कास्परने नवी बॉडी त्याच्या हातात दिली तेव्हा डाउवेला वाटलं, आपण खिडकीतून न बघता खिडकीच्या बातम्या बघतोय.

"दोन दिवसांत सवय होते," कास्पर म्हणाला. तो तिशीतला, अदबीने बोलणारा, पण घाईतला. "सगळ्यांची तक्रार हीच असते, आणि मग सगळे घेतात. तुमच्या जुन्या लेन्सा चालतील, मधे एक कडं लावायचं. बाविसशे युरो, कडं वेगळं."

डाउवेने विचार करतो म्हणून सांगितलं आणि खरंच विचार करत बसला. तौलनिक लेख वाचले. ज्या लेखात नवी बॉडी घ्या म्हटलं होतं, त्याच्याखाली चाळीस जण मूर्खपणा म्हणून ओरडत होते. ज्यात घेऊ नका म्हटलं होतं, त्याच्याखाली दुसरे चाळीस. रात्री घ्यायची ठरवून तो झोपायचा आणि सकाळी ब्रेडवर चीज ठेवेपर्यंत मत फिरलेलं असायचं.

"अरे, घे नाहीतर सोड," रिन्स्के म्हणाली. "आपण लग्न ठरवलं तेव्हासुद्धा तू एवढा घोळ घातला नव्हतास."

"लग्नात आवाजाचा प्रश्न नव्हता."

"तेव्हा नव्हता," ती म्हणाली.

शेवटी मार्चमध्ये त्याने घेतली. चौदा दिवसांत परत करता येते, हे कास्परने तीनदा सांगितलं होतं. त्या चौदा दिवसांच्या जोरावरच त्याची सही झाली. मग घरी त्या मेनूशी झटापट सुरू झाली. एका कळीत दुसरी यादी, त्या यादीत तिसरी. आवाज बंद करायची सोय सापडायला पूर्ण एक दुपार गेली. सापडली, तेव्हा त्याने स्वयंपाकघरात रिन्स्केच्या पाठीचे वीस फोटो काढले आणि तिला पत्ता लागला नाही. डाउवेला जरा बरं वाटलं. तेवढंच.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी वाद्यवृंदासह मोठी तालीम होती. डाउवे खांबाजवळ उभा राहिला आणि कामाला लागला. अर्ध्या तासात वरच्या सुरातल्या बायकांच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. मध्यंतर होताच ग्रीत तरातरा त्याच्याकडे आली. ग्रीतची गावात बेकरी होती आणि तिचा आवाज गाताना जेवढा उंच जायचा, त्याहून बोलताना उंच जायचा.

"काय रे, तू फोटो काढतोयस की नाही?"

"काढतोय की."

"कधी?"

"मघापासून. सारखे."

"सारखे? अरे बाबा, आवाज आला की कळायचं, झाला फोटो, आता श्वास सोडा. आता पोट किती वेळ आत ओढून धरायचं? तीन तास?"

"मला तर कुणी पाठलाग करतंय असं वाटतंय," तिच्या शेजारची म्हणाली. "नाक खाजवायची सोय राहिली नाही."

एग्बर्ट मात्र खूश होता. "अप्रतिम," तो म्हणाला. "तू आहेस हेच कळत नाही."

डाउवेने मान हलवली. हेच वाक्य ऐकायला आपण बाविसशे युरो मोजले का, असं त्याच्या मनात आलं.

रविवारी सकाळी त्याने फोटो संगणकावर उघडले आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत पट्टे होते. काळपट, आडवे, एकसारख्या अंतरावर. रिन्स्केच्या कपाळावरून एक, हनुवटीवरून एक. साडेसहाशे फोटो, सगळा वृंद गजांआड. वृंद नव्हे, तुरुंगातली माणसं सणाला गात होती.

सोमवारी तो बस पकडून कास्परकडे गेला. कास्परने दोन फोटो पाहिले आणि लगेच म्हणाला, "चर्चमध्ये नवे दिवे बसवलेत का?"

बसवले होते. वीज वाचवणारे, गेल्या शरदात. कास्परने समजावून सांगितलं: ते दिवे डोळ्याला स्थिर दिसतात, पण खरं तर फार वेगाने लुकलुकत असतात, कॅमेऱ्याचं आवाज न करणारं शटर चित्र एका दमात न घेता वरून खाली ओळीओळीने घेतं, म्हणून लुकलुक पट्ट्यांसारखी उमटते.

"मग उपाय?"

"शटरचा वेग कमी करा."

"केला. ओठ पुसले जातात. गाणारी माणसं हलतात हो."

"मग साधं शटर वापरा. त्याला आवाज आहे, पण तुमच्या जुन्यापेक्षा कमी."

"कमी म्हणजे उंदराच्या जागी लहान उंदीर," डाउवे म्हणाला. इतकं लांब वाक्य तो त्या दुकानात पहिल्यांदाच बोलला असेल.

"याच्या वरचं मॉडेल आहे, त्यात हा त्रास जवळजवळ नाही," कास्पर हळूच म्हणाला. "किंमत साधारण दुप्पट."

मंगळवारी डाउवे चर्चची देखभाल करणाऱ्या टीसला भेटला. दिवे तेवढ्या एका दुपारपुरते बदलता येतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं. टीस शिडीवरून खालीसुद्धा उतरला नाही. "त्या दिव्यांसाठी चर्चच्या समितीच्या तीन वर्षं बैठका झाल्या," तो वरून म्हणाला. "तुला बैठक हवी असेल तर ऑक्टोबरमध्ये एक आहे."

घरी येईपर्यंत डाउवेचा जीव मेटाकुटीला आला होता. टेबलावर दोन कॅमेरे शेजारी शेजारी पडलेले. एक दिसतं ते घ्यायचा आणि गोंधळ घालायचा. दुसरा गप्प बसायचा आणि माणसं गजांआड टाकायचा. दोन्ही उचलून मागच्या कालव्यात फेकावेत असं त्याला मनापासून वाटलं.

"आम्ही मोठ्याने गातो तेव्हा तुझ्या कॅमेऱ्याचा आवाज आम्हाला कधीच ऐकू आला नाही," रिन्स्के बटाटे सोलता सोलता म्हणाली. "सगळे मिळून गायला लागलो की तोफ उडाली तरी कळणार नाही."

डाउवेने मान वर केली. "सगळे मिळून कुठे कुठे गाता?"

"एकोणीस वर्षं ऐकतोयस ना?"

ऐकत कुठे होता तो? बघत होता. रिन्स्केने हात पुसून आपलं जुनं, जास्तीचं स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक आणून त्याच्यापुढे टाकलं. त्याला सूर वाचता येत नव्हते, पण नकाशे वाचत त्याचा जन्म गेला होता. कुठे गर्दी, कुठे मोकळं रान, हे त्याला पान उलटताच दिसायला लागलं. ती गुणगुणायची, आणि सगळे मोठ्याने गातात, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याचा खट् बुडून जाईल, तिथे तो शिसपेन्सिलीने खूण करायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. काही ठिकाणी दोन पानं भरून खुणा, मग सात पानं काहीच नाही. सात पानं रिकामी बघून त्याला राग यायचा, कारण त्याचे आजवरचे चांगले फोटो त्या सात पानांतलेच होते. एक जण गातो आणि बाकीचे ऐकतात, तेव्हाची ती तोंडं. आता मिळणार ती फक्त आ वासलेली, घरट्यातल्या पिल्लांसारखी.

गुरुवारी नवी बॉडी खोक्यात भरून त्याने परत पाठवली आणि पेन्सिलीच्या खुणांचं पुस्तक घेऊन एग्बर्टसमोर उभा राहिला. एग्बर्टने पुस्तक चाळलं. बराच वेळ चाळलं.

"इथे चूक आहे. इथे मी त्यांना हळू गायला लावतो." त्याने एक खूण खोडली. "बाकी ठीक. पण शेवटच्या गाण्याला सुरुवात झाली की कॅमेरा बॅगेत. गळ्यात नाही, हातात नाही. बॅगेत, चेन लावून."

"चेन लावून," डाउवे म्हणाला.

रविवारी दुपारी तीनला चर्च भरलं. डाउवे खांबाजवळ उभा होता, एका हातात कॅमेरा, खांबाच्या कठड्यावर पुस्तक. त्याची फार धांदल झाली. पान उलटावं तर फोटो जायचा, फोटो घ्यावा तर पान चुकायचं. दोनदा जागा हुकली. ग्रीतने पोट आत घेतलं तेव्हा तिथे खूण नव्हती, आणि खूण आली तेव्हा ग्रीतने पोट सोडलं होतं. पण आवाज कुणाला आला नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं. त्याने कॅमेरा बॅगेत ठेवला आणि चेन लावली. आता हातांचं करायचं काय, ते त्याला कळेना. त्याने ते पुस्तकावर ठेवले. मग सूर थांबले. एग्बर्टचे हात वर राहिले.

आणि तेव्हा डाउवेला तो फोटो दिसला. तीनशे लोकांच्या श्वासाचाही आवाज नाही, आणि समोर सत्तर चेहरे, सगळे एकाच वेळी उघडे पडलेले, कुणालाच आपण कसे दिसतो याची शुद्ध नाही. एकोणीस वर्षांत असा फोटो त्याला मिळाला नव्हता. बॅग पायाशी होती. चेन चार बोटांची. तो जागचा हलला नाही. रागाने त्याचे दात एकमेकांवर बसले, आणि तो बघत राहिला.

नंतर मागच्या खोलीत कॉफी आणि बिस्किटं फिरू लागली. एग्बर्टच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. तो गर्दीतून वाट काढत डाउवेपाशी आला.

"ती शांतता पाहिलीस? अशी कधी पडली नव्हती! मिळाली ना रे तुला?"

"काय मिळाली?"

"फोटोत! शेवटची!"

"कॅमेरा बॅगेत होता," डाउवे म्हणाला.

"बॅगेत? एवढा मोठा क्षण आणि तू..."

"तूच म्हणालास बॅगेत!" आवाज आपलाच आहे हे डाउवेला जरा उशिरा कळलं. "चेन लावून म्हणालास! सहा आठवडे डोकं फिरवून घेतलं, आरसा नको, आवाज नको, पट्टे आले, दिवे बदलणार नाहीत, आणि आता विचारतोस मिळालं का? नाही मिळालं! समोर होतं सगळं आणि मी हात चोळत बसलो!"

कपात चमचा हलवणाऱ्याने चमचा थांबवला.

"काय होतं समोर?" मागून ओन्नोने विचारलं. तो खर्जात गाणारा उंच शेतकरी, आणि त्याने हे सरळ, माहितीसाठी विचारलं होतं.

पळून जायला दार लांब होतं. "तू टाचा उचलून उभा होतास," डाउवे म्हणाला. "गाणं संपलं तरी. भिंतीपलीकडे कुणी दिसतंय का बघितल्यासारखा."

"मी?" ओन्नो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"ऑर्गनवाल्याने कपाळ लाकडाला टेकवलं होतं. एग्बर्ट, तुझा डावा हात उजव्यापेक्षा खाली आला होता, आणि तो थरथरत होता. रिन्स्केचं तोंड अजून थोडं उघडं होतं, जणू एक शब्द राहिलाय. तिच्या मागची मुलगी, ती नवी, तिने शेजारणीची बाही धरली होती, आणि शेजारणीने धरू दिली होती."

तो थांबला. कुणी हलेना, म्हणून त्याला पुढे बोलावं लागलं. त्याने तिसऱ्या रांगेतलं सांगितलं, मग चौथ्या. लोक कप हातात घेऊन जवळ सरकत होते. रिन्स्केने त्याच्या हातात एक बिस्कीट दिलं आणि ते त्याच्या हातातच राहिलं.

"आणि मी?" ग्रीत माणसं बाजूला सारत पुढे आली. "माझं सांग ना. मी कशी होते?"