हळदीकुंकवातून उठवलेली यजमानीण

पोरीला वळण म्हणून नाही. घरचं हळदीकुंकू, बैठकीत बायका बसलेल्या, आणि सुरुचीने यजमानीणबाईंनाच उठवून स्वयंपाकघरात धाडलं! इंदुमतीबाईंना आजवर असं कुणी उठवलं नव्हतं. खुद्द त्यांच्या सासूची छाती झाली नव्हती, आणि ही कालची नात!

तरी त्या मुकाट उठल्या, त्याला कारण होतं.

सुरुची राज्यशास्त्रात एम.ए. करत होती, शेवटचं वर्ष. त्यातही तिचा विषय सार्वजनिक धोरण. "सरकार जे ठरवतं ते लोकांच्या कामी येतं का, ते बघायचं, आजी," असं तिने समजावलं होतं. इंदुमतीबाई तिसरीतून शाळा सोडलेल्या. पण अख्ख्या आनंद नगरात त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमची नात सरकारला शिकवणार आहे म्हणून. आणि नेमकं इथेच घोडं अडलं. संध्याकाळची सिटी बस असूनही बायका तिने का जात नाहीत, यावर सुरुचीचा प्रबंध होता. पोरगी दारोदार हिंडली. प्रत्येक दारात पुरुष उभा. "हमारी मिसेसना काही प्रॉब्लेम नाही, लिहून घ्या," आणि मिसेस आतच. तिच्या मार्गदर्शक मंजूषा मॅडमनी वाचलं आणि परत केलं. विषय बायकांचा आणि बोलतायत नवरे! बायकांची उत्तरं आणा, नाहीतर यंदा तोंडी परीक्षा नाही. म्हणजे वर्ष गेलं. सुरुची जेवेनाशी झाली.

"रडतेस काय?" इंदुमतीबाई खेकसल्या होत्या. "संक्रांतीचं हळदीकुंकू आहे ना आपल्याकडे? तिथे पुरुष फिरकत नाही, आणि वाण हातात पडेपर्यंत बाई उठत नाही. विचार काय विचारायचं ते."

"पण ज्यांना सांगायचं नसेल त्यांना जबरदस्ती नाही हं, आजी."

"मी कुणाला जबरदस्ती करते?" यावर सून रजनी नुसतीच खाली बघून तीळ निवडत राहिली.

हळदीकुंकवाला बायका आल्या. अत्तर लावून झालं, गुलाबपाणी शिंपडून झालं. सुरुचीने पहिला प्रश्न विचारला तो शेजारच्या मंदाकिनीला. तिने समोरच्या खुर्चीतल्या इंदुमतीबाईंकडे एकदा पाहिलं. "छे गं, आम्हाला कशाला लागते संध्याकाळी बस?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. डोलावणारच. दिवेलागणीनंतर रस्त्यावर दिसलेल्या बाईची इंदुमतीबाई दुसऱ्या दिवशी हजेरी घेत, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

तिळगुळाची वाटी पुढे करत सुरुची त्यांच्या कानाशी लागली. "आजी, प्लीज, तू थोडा वेळ आत जा ना. तुझ्यासमोर कोई मुँह नहीं खोलेगा."

ओठावर आलेलं सगळं इंदुमतीबाईंनी गिळलं, कारण पोरीचे डोळे भरले होते. "वाणाच्या गाळण्या पुसायच्या राहिल्यात," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत त्या आत गेल्या. स्टीलच्या गाळण्या लखलखत होत्या. त्या पुन्हा पुसत बसल्या.

बाहेर सुरुचीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग मंदाकिनी म्हणाली, "खरं सांगू? बस येते गं. पण थांब्यावर दिवाच नाही. अंधारात उभं कोण राहणार?"

"आणि परतीची आली तर आली!"

"बस रिकामी असली तर मी चढतच नाही बाई."

एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरी सुरू. हशा, टाळ्या. मग रजनीचा आवाज आला. "मला तिकडे अरेरा कॉलोनीत संध्याकाळचा गाण्याचा क्लास लावायचा होता. बसचं काहीतरी जमवलंही असतं. पण घरी आल्यावर आईंच्या तोंडाला कोण लागेल?"

सगळी बैठक खो खो हसली.

इंदुमतीबाई ताडकन उठल्या. दारापर्यंत गेल्या. "थांब मम्मी, लिहून घेते," सुरुची म्हणत होती, आणि कितीतरी दिवसांनी पोरीच्या आवाजात जीव आला होता. आपण आता बाहेर गेलो की ही सगळी तोंडं मिटणार. त्या माघारी फिरल्या आणि त्यांनी दुसरी गाळणी घेतली. तिला इतकं घासलं की दांडीच वाकली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी इंदुमतीबाई सकाळपासून सगळ्यांवर करवादत होत्या. चहा पुढ्यात निवून गेला. दुपारी फाटकाची कडी वाजली.

"झालं, आजी! पास!" सुरुची चपला भिरकावत आत आली. "परीक्षकांनी विचारलं, बायका इतकं मोकळं कशा बोलल्या? मी सांगितलं, यजमानीणबाई उठून आत गेल्या म्हणून."

रजनीने डोळ्यांना पदर लावला. इंदुमतीबाई मटकन पलंगावर बसल्या. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला असं त्यांना झालं. निवलेला चहा त्यांनी तसाच घटाघटा प्यायला. मग पदर सावरून नातीला समोर उभं केलं.

"उद्धट आहेस तू, सुरुची. मला उठवलंस ते मी मरेपर्यंत बोलून दाखवीन. पण काम खरं केलंस. चुकलं एवढंच, सगळ्या कॉलनीला विचारलंस आणि मला विचारायचं राहिलं. तर ऐक. त्या थांब्यावरच्या अंधाराची मलाही भीती वाटते. आणि तुझ्या आईचा क्लास सुरू झाला की तिला आणायला तिथे मीच उभी राहणार आहे. घाल हे तुझ्या त्या सार्वजनिक धोरणात!"