मयत, मूलबाळ नाही

माझी आई माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीच वारली, हे मला परवा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये कळलं. त्याच वेळी ती इस्पितळात चहा कोमट आहे म्हणून नर्सशी हुज्जत घालत होती.

चोविसाव्या वर्षी तिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि माहेर तुटलं. आजोबांनी दार लावलं, आजी बिचारी काय करणार, नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नाही, ही कहाणी मला लहानपणापासून तोंडपाठ. आईने आजोबांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली आणि आजीसाठी टिपं गाळली. आता डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने मला एकच काम सांगितलं.

"बाबांच्या मृत्युपत्राची नक्कल काढ. आईने माझी बाजू घेतली असणार, कुठेतरी लिहिलेलं असेलच. तेवढं कळलं की झालं."

तेवढं कळायला अकरा खेपा झाल्या. वर्षाचं रजिस्टर सापडलं तर नंबर नाही, नंबर सापडला तर गठ्ठा जागेवर नाही. तिथला कारकून भला माणूस. अकराव्या खेपेला शिंकत शिंकत गठ्ठा आणून त्याने माझ्यापुढे आपटला.

"घराण्याचा शोध घ्यायला बरेच येतात, बाई," तो म्हणाला. "पण इथून हसत गेलेला अजून बघायचाय मला."

मृत्युपत्र दीड पानाचं होतं. आजोबांनी लिहिलं होतं, राहत्या घराचा निम्मा भाग मुलाला, निम्मा मुलीला. ती रागावून गेली आहे, चूक माझी आहे, तिला शोधून तो तिच्या हवाली करावा. मला हुंदका आवरेना.

मग पान उलटलं. मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेताना सगळ्या वारसांची यादी जोडावी लागते. तीत आईच्या नावापुढे होतं : मयत, मूलबाळ नाही. हे मामाचंच काम असणार, म्हणून मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. पण खालचं प्रतिज्ञापत्र आजीचं होतं. सही ठसठशीत, हात जराही न कापलेला.

मूलबाळ नाही! आणि पंचावन्न वर्षांची मी तिथल्या स्टुलावर दुखरे गुडघे धरून बसले होते.

खोटं बोलायचं ठरवूनच इस्पितळात गेले. पण आईपुढे माझं खोटं कधी टिकलंय? "वाच," ती म्हणाली, आणि मी सगळं वाचलं.

आजोबांच्या ओळी तिने दोनदा वाचायला लावल्या. "उगाच बोल लावला गं त्यांना," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "मी मेल्याची तारीख कुठली दिलीय आईने?"

मी सांगितली. ती घर सोडून गेली, तोच दिवस.

"म्हणजे आठवण होती तिला माझी," आई म्हणाली. "तारखेसकट."

दुसऱ्या दिवशी नर्सला तिची शीर सापडेना. तीनदा सुई टोचावी लागली. एरवी नुसता कापूस लावला तरी "आई गं" म्हणणारी माझी आई, ओठ आवळून गप्प पडून राहिली.