धूर बाहेर फेकणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. वारा देणारा नव्हे, धूर बाहेर फेकणारा. कारखान्यातून निघालो तो थेट एका हॉटेलच्या भिंतीतल्या गोल भोकात येऊन बसलो. खाली सिगारेट ओढणाऱ्यांची चार टेबलं होती.

"आता धुराचं नाव राहणार नाही," मालक मामांना म्हणाले. मामा म्हणजे तिथले वेटर. त्यांना खोकला लागला होता, म्हणून तर मला आणलं होतं.

मी जीव तोडून फिरलो. 'झकास आहे हं पंखा!' असं म्हणत गिऱ्हाइकं दुसरी सिगारेट पेटवत. खरं सांगतो, निम्मा धूरसुद्धा माझ्याच्याने बाहेर जात नसे. उरलेल्यातून मामा वर्षानुवर्षं चहाचे कप घेऊन फिरले. महिन्यातून एकदा ते स्टुलावर चढून सोड्याच्या पाण्याने माझी पाती पुसत. फडकं काळंकुट्ट होई.

"तुझं निघतं तरी, गड्या," ते म्हणत. "माझ्या छातीतलं कोण पुसणार?"

मग हॉटेलात सिगारेट ओढायला बंदी आली. मालकांनी कपाळावर हात मारला, "बसला धंदा!" खरंच, दोन महिने माझ्याखालची टेबलं ओस पडली. खर्च कमी करायचा म्हणून मालकांनी आधी मामांनाच घरी बसवलं. माझं बटणही तेव्हाच बंद झालं.

पुढे लेकुरवाळी कुटुंबं येऊ लागली. पूर्वी ती दारातूनच नाक मुरडून परत जात. वर्षभरात बसायला जागा मिळेना. हे कानावर गेलं, तसे मामा आले. सदरा स्वच्छ धुतलेला, पण अंगावर ढगळ झालेला.

"मालक, गर्दी वाढलीय. घ्या की मला परत."

तेवढ्यात त्यांना उबळ आली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपलं लेकरू जवळ ओढलं.

"मामा, आता मुलंबाळं येतात इथं," मालक हळूच म्हणाले. "असा खोकला ऐकून कोण बसेल?"

"हा खोकला इथलाच आहे, मालक."

मालकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मामा पाणी प्यायले, सवयीने त्यांनी ग्लास मोरीपाशी नेऊन ठेवला आणि ते निघून गेले.

चार महिन्यांनी त्यांची बायको आली, मामा गेल्याचं सांगायला. मालक ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी हॉटेल ठरल्या वेळेला उघडलं.

मला आता जळमटं धरलीत, पण त्याचं काही नाही. मित्रांनो, मागणं एवढंच: माणूस खोकत असेल, तर भिंतीला पंखा लावून मोकळे होऊ नका. आधी धूर थांबवा. मी फिरत राहिलो, म्हणून सगळ्यांना वाटत राहिलं, की मामांसाठी काहीतरी चाललंय.