गटारीची चेअरमन

कोल्हापुरात चेअरमन या शब्दाला जो मान आहे तो कलेक्टरलाही नाही. दूध संस्थेचा असो नाहीतर पतसंस्थेचा, चेअरमन नुसता जीपमधून उतरला तरी चहाच्या गाड्यावरची माणसं बाकडं सोडून उभी राहतात. आमच्या गल्लीतही एक चेअरमन होती. ती डोक्यावर घमेलं घेऊन खडी वाहायची आणि आपण चेअरमन आहोत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

हे कसं झालं ते सांगतो. सरकारनं एक चांगला नियम केला होता. शहरातली लहान कामं, म्हणजे गटारी, फरशा, मुताऱ्या, ही मजुरांच्या सहकारी संस्थांना द्यायची. जो घाम गाळतो त्यालाच फायदा मिळावा. नियम सोन्यासारखा. मग ठेकेदारांनी काय केलं? मजुरांच्याच नावानं संस्था काढल्या. कागदावर मजूर मालक, रस्त्यावर ठेकेदार मालक. हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त मजुरांना नव्हतं.

कसबा बावड्याच्या कडेला, उसाच्या रानाला चिकटून आमची गल्ली. अर्धी घरं बौद्धांची, अर्धी मुसलमानांची. आकाराम ठेकेदारानं आमच्याच बायकांना एकदा गोळा केलं आणि विम्याचा कागद आहे म्हणून सह्या घेतल्या. कुणी अंगठा लावला. सरुबाईला अक्षरं सहीपुरतीच यायची, पण तिनं पुढं होऊन सगळ्यांच्या आधी ऐटीत सही ठोकली. ती त्या बायकांची म्होरकी, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. पहिली सही तिची, म्हणून आकारामनं तिलाच चेअरमन करून टाकलं. पुढं दर थोड्या दिवसांनी "विम्याची सही" म्हणून तो कागद पुढं करायचा आणि ती तितक्याच ऐटीत सही करायची.

असंच चाललं असतं. पण नव्व्याण्णव साली कामगार दिनाला चांगल्या मजूर संस्थांचा सत्कार ठरला आणि त्यात आकारामची संस्था बसली. त्याला फेटा बांधून पेपरात यायची भारी हौस. नेमका सहकार खात्याचा साहेब बाहेरून आलेला, नवा. तो म्हणाला, सत्कार चेअरमनचाच होईल, दुसरा कोणी चालणार नाही. आकाराम गप्प घरी बसला असता तर काही बिघडत नव्हतं. पण दारात आलेला सत्कार परत पाठवणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचाय. तो नवं लुगडं घेऊन सरुबाईच्या दारात आला.

"सरुबाई, उद्या माझ्याबरोबर चलायचं. स्टेजवर जायचं, शाल घ्यायची, हात जोडायचं, उतरायचं. बोलायचं काय न्हाय."

"कशाची शाल अण्णा?"

"तू संस्थेची चेअरमन हाईस."

सरुबाई लुगडं उलगडत होती ती थांबली. "मी? कवापासनं?"

"झाली की बरीच वर्षं."

"आन् मला आज सांगताय व्हय?"

"सांगून काय करणार हुतीस? खडी कमी उचलणार हुतीस?"

दुसऱ्या दिवशी सरुबाई स्टेजवर गेली. शाल घेतली, फेटा बांधून घेतला, हात जोडले, एक शब्द न बोलता उतरली. आकाराम शेजारी उभा राहून फोटोत आला. त्याला वाटलं, झालं, संपलं.

इथंच गडी चुकला. आमच्याकडं स्टेजवरचा सत्कार हा नुसता निरोप असतो. खरा सत्कार गल्ली करते. संध्याकाळी सरुबाई रिक्षातून उतरली तर हलगी कडाडत होती. नागसेन पेंटरनं कापडी बोर्ड रंगवून गल्लीच्या तोंडाला बांधला होता. 'मजूर संस्थेच्या चेअरमन सरुबाई यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त गल्ली.' वरच्या अंगाच्या नजीरानं तिला ओवाळलं, तिच्याबरोबर खडी वाहणाऱ्या चिमणाबाईनं साखर वाटली. सरुबाई फेट्यासकट जोत्यावर बसली ती जेवणवेळ झाली तरी उठेना.

एकदा गल्लीनं चेअरमन म्हटलं की माणसाला चेअरमन व्हावंच लागतं. सकाळपासून लोक येऊ लागले. कुणाला रेशनकार्ड फोडून वेगळं पाहिजे, कुणाच्या पोरीला वसतिगृह.

"चेअरमन, नळाला पाणी न्हाय."

"मी नळाची चेअरमन न्हाय बाबा, गटारीची हाय!"

हसत सांगायची, पण सांगता सांगता तिची मान ताठ व्हायला लागली होती. आता ती आकारामला विचारायची, ही सही कशाची, ती कशाची. तो म्हणायचा, तुला काय कळतंय. ती म्हणायची, न्हाय कळत तर वाचून दाखवा.

आणि मे महिन्यातच आमच्या गल्लीच्या गटारीचं काम निघालं. किती वर्षं मागत होतो आम्ही! दर बजेटला आमची गटार धरायची आणि दर बजेटला कुठल्यातरी बागेच्या कारंज्यात वाहून जायची. यंदा आली. काम कुणाला? सरुबाईच्याच संस्थेला. आपल्याच दारातली गटार आपल्याच बायका खणायला लागल्या.

गल्लीच्या मधोमध जमिनीखाली काळा पाषाण लागला. गटार वरच्या अंगानं येऊन खाली ओढ्याला जाणार, तर पाषाण फोडून उतार काढायला हवा. आकाराम म्हणाला, "फोडत बसलो तर पावसाळा येईल. वरनं घ्या." पाषाणाच्या वरून गटार घेतली. म्हणजे मध्येच चढ. शेंबड्या पोरालाही कळावं की वरच्या दहा-बारा घरांचं पाणी तिथं अडणार आणि उलटं घरात शिरणार. सगळ्यात आधी नजीराच्या.

काम उरकलं आणि आकाराम काम पुरं झाल्याचा कागद घेऊन आला. त्यावर चेअरमनची सही लागते.

सरुबाई म्हणाली, "पाषाण फोडा, मग सही."

"सरू, डोस्कं फिरलं काय तुझं?"

"चेअरमन म्हणा."

बायका हसल्या. आकारामचं तोंड तांबडंलाल झालं. "ऐका सगळ्याजणी. सही न्हाय तर उद्यापासनं एकीलाबी माझ्या कामावर घेणार न्हाय. बावड्यातच काय, राजारामपुरीतबी कोण उभं करून घेणार न्हाय. बघा मग चेअरमनला शिजवून खावा."

हसू जागच्या जागी मेलं. चिमणाबाई हळूच म्हणाली, "कर की गं सही. तुझं घर तर खालच्या अंगाला हाय. तुला काय फरक पडतोय?"

नजीरा दारात उभी होती. तिचीही मजुरी त्याच कामावरची.

"मला फरक पडत न्हाय व्हय?" सरुबाई कडाडली. "माझ्या सहीनं हिच्या चुलीत गू जाणार आन् मी खाली बसून भाकरी थापू? आजवर न बघता सह्या केल्या, त्यात कुणाकुणाच्या घरात पाणी घातलं आसंल म्हाईत न्हाय. ही गटार माझ्या गल्लीतली हाय. अण्णा, न्या तुमचा कागद."

आकारामनं त्याच दुपारी पहारी, घमेली, मिक्सर, सगळं टेम्पोत भरून नेलं.

गल्लीत त्या दिवशी भांडणंच झाली. चार जणींनी सरुबाईला तोंडावर शिव्या दिल्या. तिनंही दिल्या. पण सकाळी ती महापालिकेत निघाली तेव्हा सगळ्यात आधी चिमणाबाईनंच पायात चप्पल घातली. "एकटी जाऊन भांडण करून येशील," म्हणाली.

काशिफ म्हणून तरुण इंजिनियर होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोण नगं. मी चेअरमन."

त्यानं वर बघितलं. सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून आला. "बाई, कागदावर आकाराम कुणीच नाही. काम संस्थेचं, संस्था तुमची. पाषाण तुम्ही फोडा, गटार तुम्ही बांधा, बिल तुमच्याच नावानं निघेल. मोजमापाला मी येतो. पाणी अडलं तर पास करणार नाही. बाकी माझं नाव कुठं घेऊ नका."

हे त्याला आधी सांगता आलं असतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला नियम आठवायला समोर कुणीतरी उभं राहावं लागतं. असो. आठवला हे काय कमी आहे?

आता सांगतो ते ऐका, कारण असलं कुठल्या बजेटात छापून येत नाही. आमच्याकडं मिक्सर नव्हता, सिमेंट बिलाच्या भरवशावर उधार आणलं. घराघरातून पहारी निघाल्या, नजीराच्या दादल्यानं गवंड्याची थापी आणि लेव्हल काढली. कारखान्याची पाळी सुटलेले गडी तसेच खाली उतरले. पाषाणावरची नवी गटार आधी उखडली. घण घालून घालून हात सोलले, पण पाषाण बधेना. मग रानातलं उसाचं पाचट भारे बांधून आणलं आणि पाषाणावर पेटवलं. धुरानं सगळी गल्ली खोकत होती. पाषाण चांगला तापल्यावर सरुबाई ओरडली, "वता!" आणि दोन्ही अंगाच्या घरांतून हंडे, कळशा, बादल्या एकदम उपड्या झाल्या. असा आवाज झाला की कुत्री पळाली. पाषाणाला भेगा गेल्या. भेगेत पहार घालून एकेक चीप उचकटायची, परत पाचट, परत पाणी. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्याच बायका सगळ्यात पुढं. उभ्या जन्मात लोकांचे रस्ते केले, लोकांच्या गटारी केल्या, कुणी नाव विचारलं नाही. आपलं काम म्हणून केलेलं हे पहिलं काम. सिमेंट घोटताना चिमणाबाई गटारीच्या कडेवरून तळहात फिरवायची, आंघोळीला बसवलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

काशिफ साहेब मोजायला आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. त्यानं खोली घेतली, रुंदी घेतली आणि म्हणाला, "वरून पाणी सोडा." वरच्या टोकाला नजीरानं हंडा ओतला. सगळी गल्ली गटारीच्या दोन्ही बाजूंनी पाण्याबरोबर चालायला लागली. पाषाणाच्या जागेजवळ सगळे थांबले. पाणी नाही थांबलं. सरळ पुढं गेलं, सरुबाईच्या दारावरून खाली, ओढ्यात. साहेबानं काम पास केलं. सरुबाईनं कागद आधी नागसेनकडून वाचून घेतला, मग सही केली.

त्याच गर्दीत मागं आकाराम येऊन उभा होता. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. तो पुढं आला, घसा खाकरून म्हणाला, "काम झ्याक झालंय. सरुबाई, पुढच्या गल्लीचंबी निघणार हाय. माझा मिक्सर, तुझ्या बायका. मिळून करू की."

सरुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पदर सिमेंटनं कडक झाला होता.

"पावणं, असं रस्त्यात ठरत नसतंय," ती म्हणाली. "संस्थेच्या मिटिंगीत विचारा. मेंबर काय म्हणतील ते."

आकारामनं मेंबर कुठं दिसतात का म्हणून इकडंतिकडं बघितलं. गटारीच्या काठावर पाय सोडून ओळीनं बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून त्याला बसायला जागा दिली नाही. चिमणाबाईनं नजीराला कोपरानं ढोसलं आणि खड्या आवाजात विचारलं, "व्हय गं मेंबर, मिक्सरचं भाडं काय लावतोय म्हणं ह्यो?"