पेटी तेवढी राहू द्या

माझा आवाज मोठा आहे. कुरुंद्यात बचत गटाच्या बायका माझ्यामागं मला भोंगा म्हणतात, हेही मला माहीत आहे. म्हणोत बापड्या. हळू आवाजात सांगितलं तर आमच्या गटात साधी सतरंजीसुद्धा झटकली जात नाही.

घट बसायच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे घरातली भांडी, गोधड्या, कपडालत्ता सगळं अंगणात काढायचं, नदीवर नेऊन धुवायचं आणि रिकाम्या घराला चुना द्यायचा. घरातला एक धागासुद्धा पाण्यावाचून राहता कामा नये, ही माझ्या सासूची शिकवण. ती गेली, पण शिकवण माझ्या हाडात बसली. मग ज्या म्हाताऱ्यांना कुणी नाही, ज्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यांचा दसरा कोण काढणार? तीन वर्षांपूर्वी मी गटात हा विषय काढला आणि आम्ही काम सुरू केलं. यंदा यादीत नऊ घरं होती. पाचवं घर फातिमाबीचं.

मुसलमानाच्या घरचा दसरा कसा काढायचा, असं दोघीतिघींनी विचारलं. मी म्हटलं, कोळिष्टकं जात विचारून लागतात का? आणि खरं सांगायचं तर फातिमाबी स्वतःच बोलल्या होत्या. त्यांचे मालक अन्सारभाई कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. ते जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. निराधारच्या पगारावर एका खोलीत ही बाई राहते. शेजारच्या दगडोबांचं घर आम्ही लखलखीत केलं ते बघून त्या म्हणाल्या, "नर्मदा, माझं बी घर घ्या ना गं. वरची जळमटं दिसतात, पर हात पुरत न्हाई." आणि लगेच पुढं म्हणाल्या, "पेटी तेवढी राहू द्या."

मी "हो हो" म्हटलं. तोंडातून निघालं तेवढंच, डोक्यात काही गेलं नाही. कारण म्हातारी माणसं "राहू द्या" म्हणतातच. दगडोबा अकरा रिकाम्या तेलाच्या डब्यांना हात लावू देत नव्हते. आम्ही ते फेकले तेव्हा दिवसभर फुरंगटून बसले आणि संध्याकाळी मोकळी झालेली खोली बघून हसायला लागले. म्हाताऱ्यांचं 'नाही' म्हणजे अर्धं 'हो', हे मी तिथं शिकले. चुकीचं शिकले, पण मला वाटलं, मी शहाणी झाले.

त्या दिवशी आम्ही सकाळी आठलाच गेलो. आमची रीत ठरलेली आहे. घरमालकाला बाहेर बसवायचं आणि कशालाच हात लावू द्यायचा नाही. फातिमाबींना मी दगडोबांच्या ओट्यावर बसवलं, हातात चहा दिला. प्रियंका ही आमच्यातली सगळ्यांत लहान सून, ती मोबाईलवर आधीचे फोटो काढत होती. गटात मुसलमान बाई एकच, शिवणकाम करणारी रुबीना. ती आदल्या दिवशी आईला बघायला हट्ट्याला गेली होती, संध्याकाळी येणार होती. ती असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण हेही मी स्वतःला वाचवायलाच म्हणते. फातिमाबी तर होत्याच की, दहा पावलांवर.

भांडी निघाली, बाज निघाली, गोधड्या निघाल्या. पत्र्याची पेटी उचलून अंगणात ठेवली तशा फातिमाबी ओट्यावरून उठल्या.

"नर्मदा, पेटी राहू द्या म्हनले होते मी."

"मावशी, बसा हो तुमी! आमी हाव ना!" मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की गल्लीतल्या बायका हसल्या. फातिमाबीही जराशा हसल्या, लाजल्यासारख्या, आणि खाली बसल्या. चार माणसांत आणखी काय बोलणार? आज ते हसू आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पेटीला कुलूप नव्हतं, लाल नाडा गुंडाळून गाठ मारली होती. मी ती सोडली. वर दोन लुगडी आणि अन्सारभाईंची लोकरीची टोपी. खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढऱ्या कापडाची घडी. बिनशिवलेले पाच तुकडे, लहानमोठे. कापूर आणि अत्तराचा वास भपकन नाकात गेला. मला तो कोंदट वाटला. कुणीतरी ईदेला कापड दिलं असेल, शिवायचं राहून गेलं असेल, असं समजून मी पिशवी गाठोड्यात टाकली.

नदीवर ते पाच तुकडे मी स्वतः धुतले. दुसऱ्या कुणी धुतले असते तर आज कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता आली असती. भरपूर पावडर टाकली, दगडावर आपटले, तीन पाण्यांतून काढले, शेवटी निळीत बुडवले. घडीवर पिवळट रेघा पडल्या होत्या, त्या गेल्या तेव्हा कुठं माझं समाधान झालं. बाभळीच्या कुंपणावर कापड पसरलं तर उन्हात डोळे दिपावेत असं पांढरंशुभ्र. प्रियंकानं फोटो काढला आणि गावातल्या सगळ्या गटांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नर्मदाताईंच्या हाताची कमाल.' बायकांनी टाळ्यांचे हात पाठवले. मला बरं वाटलं.

दहा मिनिटांत रुबीनाचा फोन आला.

"ताई, फोटोत पांढरं कापड कोनाचं हाय?"

"फातिमाबीचं. का गं?"

"पेटीतलं?"

"व्हय. पेटीतलंच."

"पाच तुकडे हायेत का?"

"पाचच. आता काहून इतकी चौकशी करून राहिलीस?"

 

"ताई," ती म्हणाली, "ते कफन हाय. खालाचं सोताचं. बाळापूरचे एक मास्तर हजला गेले व्हते, त्यांच्यासंगं खालानं कापड पाठवलं व्हतं. त्यांनी ते मक्केत जमजमच्या पान्यात भिजवून, वाळवून आनलं. सोळा वरसं झाली. खाला त्याला कोनाला हात लावू देत न्हाई. मला बी फकस्त एकदा दाखवलं."

मी कुंपणाकडं बघितलं. पाच तुकडे वाऱ्यावर फडफडत होते. मघाशी ज्या पाण्यात मी ते पिळले होते ते पाणी पुढं वाहून गेलं होतं, आणि मी वेड्यासारखी नदीच्या त्या बाजूला बघत राहिले. जिवंत बाईचं कफन आम्ही दिवसाढवळ्या कुंपणावर वाळत घातलं होतं. त्याचा फोटो पन्नास बायकांनी बघितला होता.

"रुबीना, मास्तरला फोन करून..." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"मास्तर वारले ताई. कोरोनात."

शेजारी उभ्या प्रियंकानं सगळं ऐकलं होतं. तिनं ग्रुपवरून फोटो काढून टाकला. मग ती म्हणाली, "ताई, घडी घालून तशीच ठेवू या. वरून लुगडी ठेवू. म्हातारीला काय समजंल?"

मी तिला रागवायला हवं होतं. मी घडी घालायला लागले. तेव्हा मला एकच गोष्ट दिसत होती, की हे फातिमाबीला कळता कामा नये. आल्या वाटेनं पिशवीत घडी, पेटीत पिशवी, वर टोपी, लुगडी, नाडा, गाठ.

संध्याकाळी घर परत लावून झालं. फातिमाबी आत आल्या आणि त्यांनी चुन्याच्या भिंतीवर तळहात ठेवला. "अल्ला तुमचं भलं करो गं पोरींनो," त्या म्हणाल्या. "अन्सार असते तर म्हनले असते, हे कोनाच्या घरात आलो." बायका हसल्या. मीही हसले.

मग त्या पेटीपाशी बसल्या. गाठीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता ती सोडली. लुगडी बाजूला केली, पिशवी मांडीवर घेतली, घडी काढून नाकाशी नेली.

"हे धुतलं?"

"न्हाई," मी म्हणाले.

बावन्न वर्षांची बाई मी. सूनमुख बघितलेली, नातवंडांना खोटं बोलू नका म्हणून फटके देणारी. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. फातिमाबींनी एका तुकड्याचा काठ उलगडून माझ्यासमोर धरला. काठाला नीळ जमून राहिली होती, बोटभर निळा डाग.

"व्हय, मावशी," मी म्हणाले. "मी धुतलं. मला म्हाईत नव्हतं."

त्यांनी आरडाओरडा केला असता, शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्यांनी घडी परत घातली, काठाला काठ लावून, आणि म्हणाल्या, "जा आता. अंधार पडून राहिला."

मी घरी आले ती जेवलेच नाही. सकाळी उठून सरळ मशिदीजवळ मुबश्शीरचाचांच्या दुकानात गेले. किराणा विकतात, पण कुराण तोंडपाठ असलेला माणूस. गावात सगळे त्यांनाच विचारतात. मी सगळं भडाभडा सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकलं.

"बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "कफन पाक पायजे, साफ पायजे, बस. जमजमचं पानी लोक श्रद्धेनं लावतात, ते लागतंच असं न्हाई. तुमी काही बिगाडलं न्हाई." मग आत जाऊन हाताएवढी बाटली घेऊन आले. "माझ्या पोरीनं हजहून आनलं व्हतं औंदा. हे न्या. शिंपडा म्हनावं त्याच्यावर. बराबर होऊन जाईल."

मला वाटलं, देव पावला! ती बाटली पदरात धरून मी जवळजवळ पळतच निघाले. वाटेत प्रियंका भेटली, तिला ओरडून सांगितलं की मिटलं सगळं.

फातिमाबी दारातच बसल्या होत्या. मी बाटली त्यांच्यापुढं धरली आणि चाचांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, एका दमात, मोठ्यानं. मी बोलायची थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला म्हाईत हाय."

"काय, मावशी?"

"कफनाला जमजम लागत न्हाई, हे मला म्हाईत न्हाई का? सत्तर वरसं नमाज पढून राहिले मी."

मग त्यांना कशाचं वाईट वाटलं, हे मला खरंच कळेना. मी तसं विचारलंही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तुमी आलात, मला आनंद झाला. माझ्यानं होत न्हाई, मीच तुमाला बोलावलं. जाळी काढा म्हनले, चुना लावा म्हनले. एक पेटी राहू द्या म्हनले. किती येळा म्हनले?"

"दोनदा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"दोनदा. तू मला गप बसवलंस. गल्ली हसली. मी बी हसले, काय करू? गरीब माणसाला कोनी फुकट मदत केली तर त्यानं हसावंच लागतं." "आन् आता तू कोनाला इचारून आलीस? मुबश्शीरला. दुकानात, लोकांसमोर. माझं कफन, आन् त्याचं काय करायचं ते मुबश्शीर सांगनार, तू करनार. मी हितंच बसले होते नर्मदा. सकाळपासून. मला येऊन इचारलंस का?"

मला वाटलं होतं, आदल्या दिवशी नदीवर मला जो धक्का बसला त्याहून मोठा बसायचा नाही. रुबीनाकडून कळलं, प्रियंकाचं ऐकलं, चाचांना विचारलं. जिचं होतं तिला मात्र अजूनसुद्धा, त्या क्षणापर्यंत, काही विचारलं नव्हतं.

"मावशी, मला माफ करा," मी म्हणाले. "चुकलं माझं. आत्ता माफ करा म्हंजे माझ्या जिवाला बरं वाटंल."

फातिमाबींनी वर बघितलं.

"माफी बी आजच पायजे का? तुला पुढच्या घरी जायचंय म्हनून?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "ही मुबश्शीरची हाय, मी त्याला पोचवते," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकवून उठल्या.

उरलेली चार घरं आम्ही केली. मी कमी बोलले, बायकांना चैन पडेना. दिवाळी झाली, संक्रांत आली. दर शुक्रवारी मी फातिमाबींकडे जाते. पाणी भरून देऊ का विचारते. कधी 'दे' म्हणतात, कधी 'नको', आणि 'नको' म्हटलं की मी घागर खाली ठेवते. त्या चहा करतात. आम्ही दगडोबांच्या गुडघ्यांबद्दल, रुबीनाच्या शिवणकामाबद्दल बोलतो. माफीचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही.