ओट्याचे दगड

कोंडूच्या ओट्यासारखा ओटा सापगावच्या आसपास दुसरा नव्हता. हे कोंडूच सांगायचा, कोणी विचारायची वाटही न बघता. अडतीस सालच्या दिवाळीनंतर घरामागच्या बारमाही ओढ्यातले काळे, गुळगुळीत गोटे त्याने गाडीने वाहून आणले, मातीत बसवले आणि वर शेणाचा हात फिरवला. म्हशाच्या जत्रेत मुरबाडचे व्याही भेटले, तर बैल राहिले बाजूला, हा ओट्याचंच पुराण सांगत बसला. शेजारचा नवशा रोज संध्याकाळी विडी ओढायला तिथे येई, त्याचंही कोंडूला कोण कौतुक.

माघात लेक रंभा पहिल्या बाळंतपणाला आली. आठवा लागला होता. आल्या आल्या म्हणाली, "बा, आपल्या ओढ्याच्या मुऱ्या खायच्यात."

मुऱ्या म्हणजे बोटाएवढे, अंगावर पट्टे असलेले मासे. लहानपणी रंभा दगड उचलून टोपलीत धरायची ते. सासरी मासे मिळत, पण तळ्यातले, चिखलाचा वास मारणारे.

"येवढंच ना गो?" कोंडू टोपली घेऊन निघाला. डोहाळा अपुरा राहिला तर पोराचे कान फुटतात, हे त्याच्या आईने त्याला शंभरदा ऐकवलं होतं. आणि हे तर पहिलं नातवंड.

दुपारी टोपलीत आल्या चार खवल्या आणि एक मरळ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रंभा "चांगलंय बा" म्हणायची, पण ताटात सगळं तसंच राहायचं.

"वरच्या वाडीवाल्यांनी मारल्या असतील," तो बायकोजवळ कुरकुरला.

जनाबाई त्याला ओढ्यावर घेऊन गेली. "हितं पानी खळखळायचं. तुमी दगूड नेले, पानी निजलं, तळाला गाळ बसला. निजल्या पान्यात खवली ऱ्हाते, मरळ ऱ्हाते. मुरीला धावतं पानी लागतं, न् दडायला दगूड. तिचं घर आपल्या दारात हाय. नवशा बसतो त्यावर."

"मग तवाच का नाय बोललीस?"

"तुमी इचारलं कवा?"

कोंडू घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसला. हात फिरवून एकेक गोटा चाचपला. मग उठला आणि पहार घेऊन आला.

संध्याकाळी नवशा आला तेव्हा अर्धा ओटा गाडीत होता. "आरं, मी बसू कुठं?"

"बसू नको. उचल."

तीन दिवस गाडी चालली. कोंडूने आयुष्यभर बांध घातलेले. त्याने दगड ओढ्यातही सरळ रांगेत रचले. जनाबाईने पाण्यात उतरून पायाने ते विस्कटले. "भिंत नको. मोठा आडवा टाका, बारके मधी. खाली फट ऱ्हाऊ द्या."

पाणी पुन्हा बोलू लागलं, गाळ हळूहळू धुऊन गेला. मुऱ्या मात्र वरच्या खडकाळीतून यायच्या होत्या. कोंडू रोज सकाळी दगड उचलून बघे.

"रोज घर उचकटलं तर कोन ऱ्हाईल त्यात?" जनाबाई म्हणाली. मग त्याने काठावर बसून नुसतं बघायचं ठरवलं, आणि ते त्याला दगड वाहण्यापेक्षा जड गेलं. रंभाचे दिवस भरत आले होते.

शिमग्याच्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्याने एकच दगड उचलला. पट्ट्यापट्ट्याचं काहीतरी त्याच्या पायाच्या बोटांमधून सुळकन गेलं. कोंडू टोपली तिथेच विसरून ओल्या धोतराने घरी पळत आला, आणि टोपलीसाठी परत पळाला.

रंभाने भाकरीबरोबर ओंजळभर मुऱ्या खाल्ल्या. काटासुद्धा ठेवला नाही. कोंडू समोर बसून बघत होता; त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने चुलीच्या धुरावर ढकललं.

आठ दिवसांनी मुलगी झाली. बारशाला मुरबाडचे व्याही आले आणि दारातल्या उखणलेल्या मातीकडे बघत राहिले. "व्याही, म्हशाला सांगत व्हता तो ओटा कुठं हाय?"

कोंडू नातीचे कान निरखत होता. दोन्ही कसे स्वच्छ, कोरडे होते.

"तो व्हय?" तो मान वर न करता म्हणाला. "लेकीनं खाल्ला."